उसने बैल

सुपडूभाऊ, परवा तुमच्या जलदानविधीला मी बोलले, आणि खोटं बोलले.

तुमच्या कविताने फोन करून बोलावलं होतं. साक्री रोडला तिच्या क्वार्टरपुढे छोटा मांडव, हार घातलेला तुमचा फोटो, पांढऱ्या कपड्यांतली चाळीस-पन्नास माणसं. बुद्धवंदना झाली आणि मग कुणीतरी म्हणालं, आता कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोलावं. मी मागच्या खुर्चीत अंग चोरून बसले होते, पण माईकवाल्या गृहस्थांनी मला हेरलं. "बाबांनी ज्यांच्या मळ्यात बावीस वर्षं सालदारकी केली, त्या घरच्या मॅडम आल्या आहेत. कॉलेजात इतिहास शिकवतात. इटलीवर त्यांचं पुस्तक आहे." मग उठावंच लागलं. मी म्हणाले, सुपडूभाऊ प्रामाणिक होते, कष्टाळू होते, आमच्या घरातलेच एक होते.

घरातलेच एक. तुमचा कान तुटलेला कप बावीस वर्षं गोठ्याच्या कोनाड्यात राहिला, स्वयंपाकघराचा उंबरा त्याने एकदाही ओलांडला नाही, आणि मी माईक धरून म्हणते, घरातलेच एक. कविता समोरच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. लाजायचं काम तिनेच केलं, कारण मी ते करत नव्हते.

म्हणून आता हे लिहायला बसले आहे. तिथे जे बोलायला हवं होतं ते इथे. तुम्ही ऐकणार नाही हे मला कळतं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच हात चालतोय. तुम्ही समोर असतात तर मी पुन्हा पेपर तपासणी, परीक्षेची ड्युटी असं काहीतरी काढलं असतं आणि चहा घेऊन उठले असते.

इटलीचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते बढतीपायी, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. पीएच.डी. केल्याशिवाय पुढे सरकता येणार नव्हतं. वर्गात मी आधुनिक युरोप शिकवायचे, त्यात इटलीचं एकीकरण दोन तासांत उरकायचे. मिशाळ पुढारी, लाल सदरे, लढाया, नकाशा, झालं. त्या पुढाऱ्यांचा मला कंटाळा आला होता. मग एका जाडजूड ग्रंथात तिथल्या वाटेकरी शेतकऱ्यांबद्दल वाचलं. जमीन मालकाची, राहतं घर मालकाचं, कष्ट कुटुंबाचे, पीक निम्मं-निम्मं. करार सालाचा. नोव्हेंबरात एका संताच्या सणाला साल संपायचं, आणि मालकाला जो नको झाला असेल त्याने त्या दिवशी सगळं बिऱ्हाड गाडीवर घालून निघायचं.

मला हसूच आलं. ही तर आपली आखाजी.

मुंबई-पुण्याच्या लोकांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं आणि आमरस. आपल्याकडे त्या दिवशी सालदाराचं साल फिटतं. ठेवला तर राहील, नाही तर मळ्यातली खोली रिकामी करेल. आणि त्याच दिवशी आम्ही लेकीबाळी माहेरी येतो, निंबाला झोके बांधतो, सांजोऱ्या खातो. एकाच दिवशी लेकी घरी येतात आणि सालदार घर सोडतात हे मी जन्मापासून बघत आले होते, पण इटलीच्या पुस्तकात वाचेपर्यंत मला ते दिसलं नव्हतं. मी ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही लिंबाच्या आळ्यात पाणी फिरवत होतात. फावडं थांबवून म्हणालात, "तठे बी आखाजी शे म्हनजे." आणि पुन्हा कामाला लागलात. विद्यापीठातल्या मंडळींना हेच पटवायला मला बत्तीस पानं लागली.

ते तीन उन्हाळे मला आज फार आठवतात. सुट्टी लागली की मी धुळ्याहून चाळीसगाव पॅसेंजरने यायचे, मळ्यात लिंबांच्या सावलीत खाट टाकायचे आणि इटालियन क्रियापदं घोकायचे. मोठ्याने घोकल्याशिवाय माझ्या डोक्यात काही राहत नाही. आबा ओट्यावरून लेकीला ओरडायचे, "आपलं शिवार सोडून कुठे त्या गोऱ्यांच्या घरात शिरतेस?" तुम्ही मात्र ऐकत असायचात. एके दिवशी सकाळी दुधाची बादली घेऊन आलात आणि खाटेशी थांबून म्हणालात, "बोंजोर्नो, ताई." मी उडालेच. त्यानंतर तुम्ही मला रामराम कधी केलाच नाही. पास्ता करून घातला तेव्हा मात्र तुमचा इटलीवरचा विश्वास उडाला होता. "ह्या ते कच्च्या शेवाया शेतस," म्हणालात, आणि तुमच्या खोलीवरून, वहिनींकडून ठेचा मागवून त्यात कालवलात. तसा तो बरा लागला हे मी कबूल केलं नव्हतं. आता करते.

आणि मग तो फोटो.

ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात पानभर छापलेला होता. थंडीतला रस्ता, बिऱ्हाड लादलेली गाडी, वर बाया-पोरं, पुढे बैलांची जोडी, बाजूला चालणारा माणूस. मी तो तासभर बघून वहीत लिहिलं होतं, दारिद्र्य, विस्थापन, हतबलता. तुम्ही ओले हात पंच्याला पुसून वाकलात आणि पहिलंच विचारलंत, "ह्या बैल कोना शेतस?"

"त्यांचेच असतील."

"नही. घरना बैलना कान मांगे ऱ्हातस, आपला मानूसना आवाजकडे. ह्यास्ना कान दख, पुढे शेतस. ह्या मानूसनी त्यास्ले वयख नही." बैलांची आणि त्या माणसाची ओळख नाही, हे तुम्ही नुसत्या कानांवरून हेरलंत. मग म्हणालात, "उसना शेतस. मालकना बैल मालकनाच गोठामा ऱ्हातस. जानाराले उसनाच आनना पडतस. कोनी दिन्हात ते शोध."

मी शोधलं. सहा महिने त्यावर घातले. तुमचं खरं निघालं, भाऊ. जनावरं मळ्याबरोबर मागेच राहायची, निघणाऱ्याला शेजाऱ्याचे बैल मागावे लागायचे, आणि देणारा आपल्या मालकाची नाराजी पत्करून द्यायचा. पुढे वाटेकऱ्यांनी मालकांविरुद्ध उठाव केला तेव्हा हीच बैल देणारी घरं एकमेकांच्या पाठीशी उभी राहिली. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण ते. त्याला नाव दिलं 'उसने बैल'. जळगावला तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं?"

मी म्हणाले, "छायाचित्रांचं सूक्ष्म वाचन, सर."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मलाच ते खरं वाटलं. तुमचं नाव घ्यायला काय जात होतं? आमचे सालदार म्हणाले, असं म्हटलं असतं तर परीक्षक खूशच झाले असते, त्यांनी तसं भाषणात सांगितलंही असतं. पण मला वाटलं, हसतील. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मळ्यात आले, दोन पेढे तुमच्या हातावर ठेवले. तुम्ही विचारलंत, "बैल पास व्हयनात का, ताई?" मी हसून हो म्हणाले. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात अडतीस नावं आहेत. झेरॉक्सवाल्याचंही आहे.

पुढच्या वर्षी महिनाभरासाठी इटलीला जायला मिळालं. वाटेकऱ्यांची जुनी घरं आता पर्यटकांची हॉटेलं झाली आहेत. एका ठिकाणी गल्ल्यामागच्या भिंतीवर शोभेला जू टांगलेलं होतं. ते बघून मला रडू कोसळलं, काउंटरवरच्या मुलीने पाणी आणून दिलं. तिथेच एक नव्वदीची आजी भेटली. सात वर्षांची असताना ती मांडीवर कोंबडी घेऊन गाडीवर बसली होती, आणि मागे राहिलेल्या घराकडे बघत राहिली होती. ते सांगताना ती रडली, ऐकताना मी रडले. परत आल्यावर तुम्हाला सांगतानाही मी रडले. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "कोंबडी कोनी व्हती? त्यास्नी का मालकनी?"

मी चिडले होते. म्हणाले, भाऊ, मी काय सांगतेय आणि तुम्ही काय विचारताय. पण घरी जाऊन रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. आजी म्हणत होती, कोंबडी आईच्या शालीखाली लपवली होती. हे मी तिथे ऐकूनही ऐकलं नव्हतं, कारण मी रडण्यात गुंतले होते. मालकाला कोंबड्या-अंडी द्यायचा तिथे रिवाजच होता. सात वर्षांची पोर चोरून नेत होती ती कोंबडी. इतिहास कसा वाचायचा हे मला तुम्ही शिकवलंत, सुपडूभाऊ. समोर काहीही ठेवलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला. हे कोणाचं? मी पंचवीस वर्षं इतिहास शिकवतेय, अजून माझा पहिला प्रश्न तो नसतो.

तुम्ही कोंबडीचं विचारलंत त्याच दुपारी आपलं भांडण झालं. भांडण म्हणजे मीच भांडले, तुम्ही दावं वळत होतात. मी म्हणत होते की तिथले मालक फार जुलमी होते, वाटेकऱ्याच्या घरातलं लग्नसुद्धा त्यांना विचारून व्हायचं. तुम्ही म्हणालात, "मालक वाईट नही ऱ्हास, ताई. मालक मालक ऱ्हास. तू एक सांग. मालकन्या पोरी शिकेल व्हत्यात का?"

"होत्या काही ठिकाणी."

"मंग गाडी भराये तवय त्या काय करेत?"

मी म्हणाले, त्याची काही नोंद सापडत नाही.

"नोंद नही, का तू दखी नही?"

मला राग आला. संशोधन असं होत नसतं, कागद लागतो, पुरावा लागतो, असं बरंच ऐकवलं तुम्हाला. तेवढ्यात वहिनींनी चहाला हाक मारली आणि विषय तिथेच राहिला. दोन वर्षांनी त्याचा पुरावा मीच तयार केला.

आबांनी ट्रॅक्टर घेतला, बैल विकले, आणि त्याच हिवाळ्यात तुमचा गुडघा गेला. आखाजीच्या आदल्या संध्याकाळी आबा ओट्यावर पान लावत बसले होते. मी शेजारी. ते म्हणाले, "बैलच नाहीत तर सालदार काय करायचा? वरून त्याचा पाय असा. पण बावीस सालं झाली. तू शिकलेली आहेस, तूच सांग. ठेवू का?"

आबांनी मला विचारलं होतं, भाऊ. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ते सहसा कुणाला विचारत नाहीत, आईलाही नाही. त्या दिवशी त्यांचं मन दोन्हीकडे होतं, माझ्या एका शब्दावर ते थांबले असते. आणि इटलीच्या वाटेकऱ्यांसाठी हॉटेलच्या काउंटरवर रडणारी मी म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा, आबा. मी काय, दोन दिवसांची पाहुणी."

माहेरवाशिणीला हे वाक्य फार कामाला येतं. भावांच्या भांडणात, वाटण्यांत, आजारपणात, कुठेही वापरावं. मी ते त्या दिवशी तुमच्यावर वापरलं. आबांनी पान तोंडात टाकलं आणि म्हणाले, "मग झालं."

दुसऱ्या दिवशी निंबाला झोका बांधलेला होता. तुम्ही आबांकडे येऊन ट्रॉली मागितलीत, नदीपलीकडे भावाच्या घरी सामान न्यायला. आबा म्हणाले, आज सणाचं नको, दोन दिवसांनी पाहू. खोली मात्र रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत रिकामी हवी होती. ट्रॉली निंबाखाली मोकळी उभी होती. माझी भाची तिच्यात बसून सांजोरी खात होती. तुम्ही ट्रॉलीकडे पाहिलंत, पुन्हा मागितली नाहीत. मी झोक्यावर होते. तुम्ही माझ्यासमोरून गेलात, आणि मी पायाने जमीन रेटून झोका आणखी वर नेला.

दुपारी कुणाची तरी बैलगाडी आली. कोणाची, मी विचारलं नाही. पत्र्याची पेटी, भांड्यांचं पोतं, गोधड्या, वर उलटी ठेवलेली खाट. वहिनी मांडीवर भिंतीवरचं घड्याळ घेऊन बसल्या. गाडीवाला कासरा धरून पुढे, तुम्ही एका पायावर भार देत बाजूने. मी खाली येऊन दोन शब्द बोलायला हवे होते. मी गच्चीवर गेले. लपायला गेले असं म्हणता आलं असतं तरी बरं, पण मी मोबाईल घेऊन गेले होते. ऊन कललं होतं, उजेड छान पडला होता, आणि मला तो इटलीतला फोटो आठवत होता. तसाच रस्ता, तशीच गाडी. मी अकरा फोटो काढले. कठड्याला कोपर टेकवून, हात हलू नये म्हणून श्वास धरून. फाटकापासून वळणापर्यंत तुमच्यापैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, बरं झालं, त्यांनी मला पाहिलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पाच वर्षांनी प्रबंधाचं पुस्तक झालं. प्रकाशकांनी मुखपृष्ठासाठी इटलीतले फोटो मागवले, ते महाग पडत होते. मी म्हणाले, माझ्याकडे एक आहे. त्यांना तो फारच आवडला. आत छापलं, मुखपृष्ठ छायाचित्र, लेखिका. आणि प्रस्तावनेत मी त्या फोटोवर एक परिच्छेद लिहिला. 'निघालेला माणूस मागे वळून पाहत नाही. मालकाच्या घराकडे फिरवलेली ही पाठ हाच त्याचा मूक निषेध आहे.' हे वाक्य एका परीक्षणात उचललं गेलं. माझे विद्यार्थी ते पेपरात लिहितात. मी त्याला गुण देते.

पुस्तक मी तुम्हाला पाठवलं नाही. तोवर कविताला धुळ्यात नर्सची नोकरी लागली होती, तुम्ही तिच्याकडे राहत होतात. मी देवपुरात, तुम्ही साक्री रोडला. मधे फक्त पांझरा, आणि पांझरेवर पूल आहेत. शेवटी कवितालाच ते पुस्तक एका प्रदर्शनात दिसलं. तिने बापाला पाठीवरून ओळखलं.

चौदा महिन्यांपूर्वी तुमचा फोन आला. "बोंजोर्नो, ताई." मी वर्गातून बाहेर आले. तुम्ही म्हणालात, "कव्हरवर मी शे ना? मन्ही पाठ भलती भारी दिखस." आणि हसलात. मग म्हणालात की रोज दोन पानं वाचता, काही कळतात, काही कविताला विचारता. "चांगलं लिखं तू. पन एक गोट ऱ्हाई गयी."

"काय राहिलं, भाऊ?"

"फोनवर नही. यी जाय एकदाव. समोर सांगसू. घाई नही."

मला काय राहिलं ते लगेच कळलं, असं मला वाटलं. तुमचं नाव राहिलं होतं. बैलांचे कान तुम्ही दाखवले, फोटो तुमचा, आणि तीनशे पानांत सुपडू हे नाव कुठेच नाही. मी उत्तरं तयार करू लागले. पुढच्या आवृत्तीत घालते, प्रकाशकांनी पानं कमी केली, नाव दिलं असतं तर तुम्हाला आवडलं असतं की नाही ठाऊक नव्हतं. एकही उत्तर मलाच पटेना, म्हणून येणं लांबवत गेले. दिवाळीनंतर, मग परीक्षेनंतर, मग उन्हं उतरल्यावर. तुम्ही दोनदा फोन केलात. एकदा मी उचलला नाही. एकदा उचलून म्हणाले, येतेच, रविवारी. तुम्ही म्हणालात, "ये, ये. मी कोठे जास?" तो रविवार मी घरी पडद्यांना इस्त्री करण्यात घालवला. आणि मग कविताचाच फोन आला.

परवा मांडवातून मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली. हातात पुस्तक होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. "बाबा म्हणाले होते, ताई आली की दे. आली नाही तरी दे." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

रिक्षात बसून उघडलं. पानापानांवर शिसपेन्सिलीच्या बारीक खुणा, तुम्ही जिथवर वाचलंत तिथवर तारखा. प्रस्तावनेतल्या त्या परिच्छेदापाशी काही नाही, फक्त एक उभी रेघ. मी शोधत होते ते सुरुवातीच्या पानावर होतं. 'मुखपृष्ठ छायाचित्र, लेखिका' या ओळीखाली, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या गोल, जपून काढलेल्या अक्षरांत तुम्ही लिहिलं होतं, 'बैल झिपरूना. उसना.'

एवढंच. त्या दिवशीची गाडी गावातल्या झिपरूनानांची होती. चौदा महिने मी तुमच्या नावाची उत्तरं रचत होते, आणि तुम्हाला तुमचं नाव नकोच होतं. उसन्या बैलांवर आख्खं प्रकरण लिहिणाऱ्या बाईने बैल देणाऱ्याचं नाव लिहिलं नाही, एवढीच तुमची तक्रार होती. तुम्ही मला त्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कोनी दिन्हात ते शोध. माझ्या प्रकरणात त्या माणसांना मी 'परस्पर सहकार्याचं जाळं' म्हटलं आहे. जाळ्याला नाव-गाव नसतं, म्हणून ते लिहायला बरं.

काल सकाळी चाळीसगाव पॅसेंजर धरली आणि गावी गेले. घरी गेले नाही, आबांना कळवलंही नाही. थेट खालच्या आळीला झिपरूनानांकडे. ते अंगणात तुरीच्या शेंगा निवडत बसले होते. डोळ्याला कमी दिसतं आता. मी कोणाची ते सांगितलं, तर म्हणाले, "बस, माय." त्यांच्यापुढे पुस्तक धरलं, मुखपृष्ठावर बोट ठेवून सांगितलं, हे तुमचे बैल. त्यांनी पुस्तक नाकापाशी नेलं.

"हाऊ कोशा. हाऊ बांड्या," ते म्हणाले. "दोन्ही गयात आते." कोशाच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग सांगू लागले की आखाजीला सणाच्या दिवशी बैल जुंपायचे नसतात, घरच्यांनी बोल लावला होता. पण सुपडू दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्यांनी काय ते ओळखलं आणि गाडी काढली. आमच्या आबांनी पुढे दोन वर्षं त्यांना विहिरीचं पाणी दिलं नाही, हेही त्यांनी सांगितलं, अगदी सहज, पावसापाण्याचं सांगावं तसं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी इटलीतले असे सतरा दाखले देऊ शकते.

मी वहीत लिहून घेतलं. झिपरू, कोशा, बांड्या. पुढची आवृत्ती निघाली तर ही नावं जातील, तुमचंही जाईल, आणि परीक्षकांना दिलेलं उत्तरही मी दुरुस्त करीन. हे मी तुम्हाला कबूल करते, पण माझ्या कबुलीवर तुम्ही फार विसंबू नका. माझे रविवार तुम्हाला माहीत आहेत.

निघताना मी झिपरूनानांना विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. "नाना, त्या दिवशी मी गच्चीवर होते. तुम्हाला दिसले होते का मी?"

"दिखनी ना," ते म्हणाले. "गाडी फाटककडे फिरावताना माले वर हालचाल दिखनी. मी सुपडूले म्हनं, ती मालकनी पोर गच्चीवर काय करी राहिनी रे? फाटकबाहेर वनूत, मी परत मान फिरावाव व्हतू. तो माले म्हने, मांगे दखू नको, झिपरू. फोटू बिघडी जाई. इटलीना अभ्यास चालू शे तिना."

तुम्ही वळला नाहीत, सुपडूभाऊ, म्हणून माझा फोटो चांगला आला.